उजवीकडं ओढणारा कपडा

सुरतेत सगळी माणसं कपड्यावर जगतात. कोणी विणतो, कोणी रंगवतो, कोणी विकतो, कोणी माझ्यासारखा टेम्पोत घालून इकडून तिकडं नेतो. पण त्याच कपड्याला लटकून आभाळात गेलेला माणूस या अख्ख्या शहरात मला एकच ठाऊक आहे, आणि तो माझ्याच वाट्याला व्याही म्हणून आला. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बढाई मारायची असती तर स्वतःची मारली असती. चौथीत शाळा सोडून मी तीस वर्षं टेम्पो चालवला आणि एकदाही कोणाचा ताका पावसात भिजू दिला नाही, हे काही थोडं नाही. पण व्याह्यांपुढं ते फिकं पडतं, आणि मी कोणापुढं फिकं पडलो असं सहसा कबूल करत नाही, एवढं वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

व्याही पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये फिनिशिंग खात्यात होते. कडोदऱ्याच्या मागांवर विणलेला कोरा कपडा मी टेम्पोत भरून त्यांच्या मिलमध्ये टाकायचो. तो धुतला जाऊन, रंगून, छापून सगळ्यात शेवटी त्यांच्या मशीनवर यायचा. त्या मशीनला स्टेंटर म्हणतात. एखाद्या चाळीएवढी लांब भट्टी समजा. ओला कपडा दोन्ही काठांना चिमट्यात धरून ताणत ताणत एका तोंडानं आत जातो आणि दुसऱ्या तोंडानं कडक, सपाट, दुकानात मांडण्याजोगा होऊन बाहेर येतो. व्याही त्या दुसऱ्या तोंडाशी वीसेक वर्षं उभे होते, आणि मला तर वाटतं एकदा केव्हातरी ते स्वतःच त्या मशीनमधून निघाले असावेत. अंगावरच्या खाकी शर्टाला कधी चुणी नाही, बोलण्यात कधी चढउतार नाही. घरी भाकरीची घडी घालायचे तीसुद्धा काठाला काठ लावून. वर्तमानपत्र वाचून ठेवलं की परत विकायला ठेवावं असं दिसायचं. आम्हा खानदेशी लोकांत व्याह्याला याही म्हणतात, आणि ते घरीदारी अहिराणीच बोलायचे. मी त्यांचं बोलणं बहुतेक पुस्तकी मराठीत घालून सांगतोय. एखादं वाक्य मात्र तसंच ठेवलंय, कारण ते बदललं की त्याची घडी मोडते.

दिसेल तो कपडा चिमटीत धरून बघायचा, ही त्यांची पहिली खोड. समोरचा माणूस ओळखीचा असो वा नसो, बाही अंगठा आणि बोट यांच्यात धरायची, जरा चोळायची आणि डोळे मिटून निकाल द्यायचा. लग्नात मला मुलाचा बाप म्हणून सफारीचं कापड मिळालं तेव्हा ते त्यांनी माझ्या हातात देण्याआधी स्वतःच चोळून पाहिलं आणि सगळ्या मांडवासमोर म्हणाले, "याही, फ्रेशमधलं नाही हो हे, सेकंडचं निघालं. दुकानदारानं मला फसवलं." फ्रेश म्हणजे बिनखोट माल, सेकंड म्हणजे खोटीचा. खरं बोलायला ही जागा होती का? मी तीन तास रुसून जानवशाच्या घरात बसलो. समजूत काढायला आले तर बसल्या बसल्या माझ्या धोतराचा काठ चोळायला लागले. आणखी एकदा भेस्तानला आमच्या शेजारी मयत झालं होतं. व्याही खांदा द्यायला पुढं आले, नव्या पांढऱ्या कपड्याला त्यांचा हात लागला, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की आता हे काहीतरी बोलणार. मी डोळ्यांनी दटावलं. तरी माझ्या कानाशी आलेच. "पहिल्या धुण्यात आटणार," म्हणाले. मी म्हटलं, "याही, तो आता धुवायला कोण काढणार आहे?" त्यावर त्यांनी गंभीरपणे मान हलवली, जणू मी त्यांच्या धंद्यातला एक मोठा प्रश्न सोडवला होता.

दुसरी खोड वर बघायची. पांडेसऱ्यात वर बघण्यासारखं काय आहे? धुराडी आहेत आणि धुराड्यांवर फिरणाऱ्या घारी आहेत. पण हा माणूस जेवणाच्या सुट्टीत मिलच्या गच्चीवर जाऊन घारी बघायचा. बॉयलरच्या धुराड्यावर घार आली की पंख न हलवता कशी वर वर जाते, धूर कुठल्या अंगाला कलतो, दुपारी किती वाजता हवेला जोर येतो, सगळं पाठ. घरी जातानाही मान वरच. एकदा असे चालत चालत मिलमागच्या नाल्यात पडले. नाल्यात त्या दिवशी निळ्या रंगाचं पाणी सोडलेलं होतं. घरी गेले तर गुडघ्यापर्यंत निळे. विहीणबाईंनी दारातच अडवलं आणि विचारलं, "आज हिरवी घार दिसली का निळी?" चार दिवस त्यांचे पाय तसेच होते. मिलमधले लोक म्हणायचे, काका, तुमचा रंग पक्का बसला.

आता मूळ गोष्टीवर येतो. सुरतेत प्लेगची पळापळ होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. डोंगरावरून पॅराग्लायडर उडवायला शिकवणारा एक मास्तर पातळ नायलॉनच्या शोधात सुरतेला आला. त्याच्याकडचं एक जुनं पॅराग्लायडर हवा धरेना. कोणीतरी त्याला आमच्या व्याह्यांकडं धाडलं. व्याह्यांनी तो कपडा चिमटीत धरला, तोंडाशी नेऊन त्यातून फुंकर मारली आणि म्हणाले, "कपडा चांगला आहे, फक्त पाझरतोय. फिनिश उडालंय. मी देतो." मालकाला विचारून, आपल्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी त्यावर नवा लेप चढवला आणि स्टेंटरच्या तोंडाशी, जिथून गरम हवा बाहेर येते, तिथं तो टांगून वाळवला. डावी बाजू झक्क वाळली. उजव्या बाजूची वेळ आली तेव्हा कोणीतरी चहा आणला, आणि नेमकी गच्चीवर घार आली. चहा हातात घेऊन व्याही घार बघत राहिले. परत आले तोवर उजवी बाजू तापून तीन बोटं आटली होती. वीस वर्षांत त्यांच्या हातून बिघडलेला हा पहिला कपडा.

मास्तरानं तो मैदानात फुगवून पाहिला तर तो आपोआप उजवीकडं वळायला लागला. हवा मात्र आता एक थेंब पाझरत नव्हती. मास्तर म्हणाला, "काका, शिकाऊ पोरांना मी हे देऊ शकत नाही. तुम्हीच ठेवा." दुसरा कोणी असता तर त्यानं पाण्याच्या टाकीवर झाकायला घेतला असता. व्याही म्हणाले, "मी बिघडवला, आता माझ्याशिवाय त्याला सांभाळून कोण घेणार?" आणि पन्नाशीला टेकलेला हा माणूस दोन हिवाळे सुट्टी मिळेल तेव्हा डोंगरात जाऊन उडायला शिकला. गुडघे फोडून घेतले, एकदा बोरीच्या झाडात बसून राहिला, पण शिकला. इतर लोक त्याला ग्लायडर म्हणायचे, विंग म्हणायचे. व्याही शेवटपर्यंत त्याला कपडाच म्हणत राहिले.

घरात अर्थातच आग लागली. माझी सून तेव्हा दिवसांत होती. बाप डोंगरावर गेला की ती दारात बसून राहायची, अन्नाला शिवायची नाही. विहीणबाई साड्यांना फॉल लावायचं काम करत. त्यांनी एक दिवस आपली मोठी कात्री आणून माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, "तुम्ही मुलाचे बाप. तुमचा शब्द ते मोडायचे नाहीत. आता तुम्हीच कापा तो कपडा, मी त्याच्या पिशव्या शिवते." मला ते पटलं. मुलीच्या बापानं आभाळात फिरावं आणि मुलाच्या बापानं खाली रस्त्यावर टेम्पो हाकावा, हे मला आधीपासूनच बरोबर वाटत नव्हतं. मी व्याह्यांना भेस्तानला बोलावलं आणि सरळ सांगितलं. त्यांनी कात्री उचलून धार बोटानं चाचपली. मग म्हणाले, "सापुताऱ्याच्या डोंगरावर स्पर्धा आहे. उडायचं आणि पार कळवणजवळच्या एका माळावर उतरायचं. तिथं ते पांढऱ्या फितीची रेघ आखणार आहेत. मला एक दिवस द्या. त्या रेघेपर्यंत पोचलो नाही, तर तुम्ही तिथंच कापा, मी एका बाजूनं धरतो. पण पोचलो तर परत ही कात्री माझ्यासमोर काढायची नाही." मी शब्द दिला. मला वाटलं, तीन बोटं आटलेल्या कपड्यावर हा माणूस तीस किलोमीटर जातो कुठं. आणि आपण स्वतः बरोबर गेलो तर परत येईपर्यंत पिशव्यांचं माप तरी काढून होईल.

तर त्या दिवशी सकाळी मी टेम्पो घेऊन डोंगरावर हजर. कात्री माझ्या सीटखाली. तिथं तीसेक उडणारे जमले होते, सगळे जवान, रंगीत सूट घातलेले, छातीवर पीं पीं वाजणारी यंत्रं बांधलेली. आमचे व्याही मिलच्या खाकी कपड्यांत, वर विहीणबाईंनी विणलेला स्वेटर, माकडटोपी आणि त्यावर हेल्मेट. यंत्राच्या जागी समोरच्या दोरीला शिफॉनची एक चिंधी बांधलेली, हवा कुठून येते ते बघायला. खिशात भाकरी आणि ठेचा. स्पर्धेचा प्रमुख निवृत्त फौजी होता. त्यानं सगळ्यांना ओळीत उभं करून नियम सांगितले. हवेत एका जागी बरेच जण घिरट्या घालतात, तेव्हा सगळ्यांनी एकाच बाजूला वळायचं, नाहीतर टक्कर होते. ती बाजू रोज सकाळी ठरते. "आज सगळे डावीकडं," फौजी म्हणाला.

व्याह्यांनी हात वर केला. "साहेब, माझा कपडा उजवीकडं वळतो."

"मग त्याला सांगा."

"दोन वर्षं सांगतोय. डावीकडं ओढला तर वळतो, पण रुसतो आणि खाली येतो."

सगळे हसले. फौजी हसला नाही. म्हणाला, "काका, डावीकडं वळता येत नसेल तर तुम्ही या लोकांच्या जवळ जायचं नाही. एकटं उडायचं." एकटं उडायचं म्हणजे काय हे मला त्या वेळी कळलं नाही, नंतर एका पोरानं समजावलं. गरम हवा कुठं वर चढतेय हे डोळ्यांना दिसत नाही. दहा जण मिळून शोधतात, एकाला सापडली की बाकीचे त्याच्याकडं धावतात. एकट्याला सगळं स्वतःच शोधावं लागतं. खरं सांगतो, मला त्या वेळी मनातून बरं वाटलं. म्हटलं, झालं, दुपारच्या चहापर्यंत आपण मोकळे.

अकरा वाजता पोरांनी भराभर उड्या घेतल्या. व्याही एका काळ्या दगडावर बसून भाकरी खात होते. मी म्हटलं, "याही, सगळे गेले. तुम्ही काय इथं जेवायला आलात?" त्यांनी तळहात दगडावर ठेवला, जसा स्टेंटरच्या रोलरवर ठेवतात तसा, आणि म्हणाले, "दगड आखो तपना नई." दगड अजून तापला नाही. अर्ध्या तासानं परत हात ठेवला. परत नाही. मी टेम्पोच्या पाट्यावर बोटं वाजवत बसलो. बारा वाजून गेल्यावर हाताला चटका बसला तेव्हा उठले, कपडा पसरला, काठ नीट केले, माझ्याकडं वळून हात जोडले, आणि चार पावलं पळून कड्यावरून निघून गेले. माणूस आता होता आणि आता नाही, असं मी पहिल्यांदाच पाहिलं. मी कड्याशी जाऊन खाली वाकून बघितलं. ते भीतीपोटी होतं, प्रेमापोटी नव्हतं, हे मी तेव्हा स्वतःला बजावलं.

मी घाटातून टेम्पो खाली घातला आणि रस्त्यानं त्यांच्या मागं निघालो. वर पाहिलं तर बाकीच्यांचा एक मोठा भोवरा, सगळे डावीकडं फिरत वर चढतायत. आणि आमचे व्याही त्यांच्यापासून लांब, एकटे, आणि बघता बघता खाली. एवढे खाली की झाडांच्या शेंड्यांपेक्षा थोडेच वर. मी टेम्पो बाजूला घेतला आणि सीटखालून कात्री काढून मांडीवर ठेवली. पुढं हवेत काय घडलं ते त्यांनीच मला नंतर पन्नास वेळा सांगितलंय, आणि पन्नासही वेळा तेच सांगितलंय, म्हणून मी खरं धरतो. कळवणकडं जाताना वणीचा गड लांबवर उजव्या हाताला दिसतो. आम्हा खानदेशातल्यांची ती कुळदेवी. व्याह्यांना वाटलं, आता खाली पडणारच आहोत, कपडा कापला जाणारच आहे, निदान देवीला नमस्कार तरी करावा. आणि नमस्कार एका हातानं कसा करायचा? त्यांनी दोन्ही हातांतल्या ओढायच्या दोऱ्या सोडल्या आणि गडाकडं तोंड करून हात जोडले.

धरणारं कोणी नाही म्हटल्यावर कपड्यानं आपली खोड दाखवली आणि सावकाश उजवीकडं वळला. उजवीकडं डोंगराच्या पायथ्याशी कोणीतरी राब भाजत होतं. भाताची रोपं टाकायच्या आधी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, तो राब. त्याचा धूर व्याह्यांच्या नाकात शिरला, आणि त्यांनी डोळे उघडले तर धूर एका अंगाला कललेला आणि त्यावर दोन घारी, पंख न हलवता. वीस वर्षं ज्याच्याकडं मान वर करून पाहिलं ते आता समोर, डोळ्यांच्या रेषेत. दोऱ्या हातात घेतल्या. ओढल्या मात्र नाहीत. कपडा उजवीकडं फिरत होता तो फिरू दिला. घारीही उजवीकडंच फिरत होत्या. "त्यांना कोणी फौजीनं सांगितलं नव्हतं ना," व्याही नंतर म्हणायचे.

मी खालून बघतोय. आत्ता झाडाच्या उंचीवर होते, मग डोंगराच्या उंचीवर गेले, मग मला मान एवढी मागं टाकावी लागली की टोपी पडली. दिसायला चिमणीएवढे, मग माशीएवढे. कात्री मांडीवर होती ती कधी खाली सरकली मला समजलं नाही.

पुढच्या दीड तासात जे झालं ते मी पैजेवर कोणाला सांगितलं असतं तर हरलो असतो. त्या भोवऱ्यातली पोरं सगळी एकाच वेळी वर चढली आणि एकाच वेळी पुढं सुटली, कारण एक सुटला की दुसऱ्याला राहवत नाही. पुढं आभाळात पातळ ढगाची चादर आली, जमिनीवर सावली पडली, हवा मेली. एकेक जण खाली यायला लागला. पहिला मला एका पुलाजवळ भेटला, गाठोडं डोक्यावर घेऊन उभा. "चाचा, कळवण तरफ?" मी म्हटलं, बस मागं. अर्ध्या मैलावर दुसरा. मग कांद्याच्या शेतात दोघं, त्यांच्याशी शेतकरीण भांडत होती, तिची समजूत काढून मी त्यांना घेतलं. असं करत करत माझ्या टेम्पोत अकरा जण झाले. जिथं एरवी ताके रचतो तिथं स्पर्धेतले शूरवीर रचलेले. आणि सगळे माना वर करून एकाच माणसाकडं बघतायत.

"वो कौन है?" एकानं विचारलं.

"माझा व्याही," मी म्हटलं. ते ऐकताना मला स्वतःलाच माझा आवाज ओळखीचा वाटला नाही.

"राइट में क्यूँ घूम रहा है?"

"त्याचा कपडा आहे तो. तो त्याला आवडेल तिकडं फिरेल."

व्याही घाई करत नव्हते. बाकीच्यांनी सावलीत उड्या टाकल्या होत्या. हे उन्हाच्या कडेला एका जागी फिरत राहिले, सावली सरकेपर्यंत. मिलमध्ये ते असेच, लाल दिवा हिरवा होईपर्यंत कपड्याला हात लावायचे नाहीत, वरचा साहेब ओरडला तरी. टेम्पोतली पोरं मात्र उतावीळ. "जाओ काका, जाओ," मागून ओरडायला लागली. मी आरशातून दटावलं, "गप्प बसा. त्याला कळतं." आणि मग सावली सरकली, माळावर ऊन पडलं, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती माशी पुढं निघाली.

माळावर पांढऱ्या फितीची रेघ होती, तिथं फौजी, दोन-चार माणसं, एक टेबल, आणि जवळपासच्या वस्तीवरचे पन्नासेक लोक. आम्ही पोचलो तेव्हा तिथं एकही उडणारा उतरलेला नव्हता. मी टेम्पो उभा केला. कात्री सीटखालून उचलून हातात घेतली, का घेतली ते अजून मला सांगता येत नाही. माझा शब्द होता आणि मी शब्दाचा माणूस, एवढंच. व्याही आता खाली येत होते, पण रेघ अजून लांब होती. मधे तारांचे खांब. टेम्पोतला एक जाणता पोरगा डोळे बारीक करून म्हणाला, "नहीं पहुँचेगा. थोडा कम पड़ रहा है." मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो दोन पावलं मागं सरकला.

तारांवरून ते पार झाले. पाय छातीशी घेतले होते, माकडटोपीवरचं हेल्मेट एका बाजूला कललं होतं, आणि तोंड अगदी शांत, मिलमध्ये ताका निघताना असतं तसं. मी नकळत बोलायला लागलो, घरच्या बोलीत, जी मी बाहेर कधी बोलत नाही. "या याही, या, आखो थोडं, या." एका नव्या साडीची लांबी असते ना, तेवढं अंतर राखून ते रेघेच्या पलीकडं उतरले. दोन पावलं चालले आणि थांबले. कपडा मात्र शेवटपर्यंत आपल्या स्वभावावर गेला. उजवीकडं वळला आणि एका बाभळीवर जाऊन बसला.

मी धावलो. माझ्या वयाला शोभणार नाही असा धावलो. व्याह्यांनी मला हातात कात्री घेऊन येताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "पोचलो हो याही," ते म्हणाले, "रेघ मागं आहे, बघा ना. मी पोचलो." मी त्यांच्या बाजूनं सरळ बाभळीकडं गेलो आणि जिथं जिथं काटा कपड्यात रुतला होता तिथं तिथं फांदी कापायला लागलो. साड्यांची कात्री, बाभळीचं लाकूड. माझे हात रक्तानं भरले. पण कपड्याला एक भोक पडू दिलं नाही. तोवर कोणाचा कपडा माझ्या हातून खराब झाला नव्हता, हाही होऊ देणार नव्हतो. व्याही शेजारी येऊन उभे राहिले आणि एका बाजूनं कपडा धरला, बोलले होते तसाच.

मग मी मागं वळलो. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला टोपी घालायची, ही आमची रीत. उलटं होत नाही. माझ्या बापानं केलं नाही, त्याच्या बापानं केलं नाही. मी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, आणि पन्नास लोकांसमोर, अकरा हरलेल्या शूरवीरांसमोर, व्याह्यांचं हेल्मेट काढायला लावून त्यांच्या माकडटोपीवर घातली. त्यांचा हात वर गेला, टोपीचा काठ चिमटीत धरला, चोळला. मी म्हटलं, "काय?"

"फ्रेश शे," व्याही म्हणाले.

त्या दिवशी त्या रेघेपर्यंत दुसरं कोणी पोचलं नाही. स्पर्धा दोन दिवसांची होती, पण व्याह्यांना मिलमध्ये एकच सुट्टी, म्हणून ते पहिल्या दिवसाचे पहिले एवढंच. फौजीनं टेबलावरचा स्टीलचा कप दिला आणि पाठ थोपटून म्हणाला, "काका, आपने तो सबको रास्ता दिखा दिया." विहीणबाईंनी पुढं तो कप तांदूळ मोजायला घेतला. देवीची कृपा, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. व्याही म्हणायचे, "देवीनं नमस्कार घेतला हे खरं. पण कपडा मी जास्त तापवला होता, ते श्रेय तिला कशाला?" सून बाप दारात दिसल्यावर दोन ताटं जेवली. आणि कात्रीला धार राहिली नाही म्हणून विहीणबाई माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. व्याही दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला मिलमध्ये हजर. शेठच्या कानावर गेलं होतं. त्यानं केबिनमध्ये बोलावून विचारलं, "काका, उपर शुं जोयुं?" वर काय पाहिलंत? व्याह्यांनी विचार करून उत्तर दिलं, "शेठ, वरून कुठल्याच कपड्याचा फॉल्ट दिसत नाही." शेठ तीन दिवस त्याचा अर्थ लावत बसला म्हणतात. मला त्या दिवसानं काय शिकवलं ते मी कोणाला सांगत नाही. पण त्यानंतर माझ्या टेम्पोला कोणी मागून भोंगा वाजवला तरी मी दगड तापल्याशिवाय निघत नाही.

पुढं सहा-सात वर्षं ते उडत राहिले, गुडघे नको म्हणेपर्यंत. मी शब्द पाळला, कात्रीचा विषय काढला नाही. मग गुडघे गेले, मग मिलची पाळी सुटली, आणि एका थंडीत व्याहीही गेले, आपल्या घरी, पलंगावर, घडी न मोडता. त्यांच्या अंगावर घालायचा पांढरा कपडा आणायला मीच गेलो होतो. दुकानात चिमटीत धरून चोळून पाहिला आणि तीन ताके परत करून चौथा घेतला. दुकानदार वैतागला. मी म्हटलं, ज्यांच्यासाठी आहे ते बघणार आहेत.

उडायचा कपडा विहीणबाईंनी माझ्याकडं पाठवला. नायलॉन एकाच घडीत ठेवू नये, घडीवर तो मरतो, दर वर्षी उघडून नव्यानं घालावा, हे व्याही सांगून गेले होते. म्हणून थंडी पडली की एका दुपारी मी तो भेस्तानच्या आमच्या गच्चीवर नेतो. आधी गच्चीच्या फरशीवर तळहात ठेवून बघतो. तापली असली तरच पसरतो. शेजारचे लोक बघतात, बघू देत. वारा आला की कपडा हळूच श्वास घेतो, जरा फुगतो, आणि दोऱ्या माझ्या हातात असल्या तरी आपल्या मनानं उजवीकडं सरकायला लागतो.

मी त्याला डावीकडं ओढत नाही.